पत्त्यांवरचा विल्हेल्म टेल

ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी आठवीच्या वर्गाकडून पत्त्यांचा एक कॅट करून घेतला होता. विषय होता जुनी मराठी नाटकं. इस्पिकला ‘शारदा’, बदामला ‘एकच प्याला’ अशी चार रंगांना चार नाटकं वाटून दिलेली, आणि राजा, राणी, गुलाम यांच्या जागी त्या त्या नाटकातली पात्रं. ‘शारदा’तल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला राजा करायचं की गुलाम, यावर वर्गात एक अख्खा तास वाद झाला. शेवटी कोदंड राजा झाला, शारदा राणी आणि भुजंगनाथ गुलाम. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढून, रंगवून, कापून कॅट तयार झाला. मधल्या सुट्टीत मुलं त्याच्यावर बदाम सात आणि पाच-तीन-दोन खेळू लागली. आठवड्याभरानं बाईंच्या लक्षात आलं, की पान टाकताना मुलं नुसतं ‘राणी’ म्हणतात. ‘सिंधू’ कुणीच म्हणत नाही. “एवढी मेहनत वाया गेली का हो?” असं त्यांनी मला विचारलं.

मला तेव्हा पटकन उत्तर देता आलं नाही. पण हाच उद्योग सुमारे एकशेनव्वद वर्षांपूर्वी मध्य युरोपातल्या एका कारागिरानं केला होता आणि त्याचा कॅट अजूनही लाखो लोकांच्या हातात आहे, हे आठवलं. त्या कॅटची हकीकत तपासली तर बाईंच्या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूनं पाहता येतं.

हंगेरीत, ऑस्ट्रियात, स्लोव्हाकियात, रुमानियाच्या पश्चिम भागात पत्ते मागितले तर दुकानदार बऱ्याचदा आपल्या ओळखीचा बावन्न पानांचा कॅट देत नाही. तिथला कॅट बत्तीस पानांचा. त्याचे रंगही निराळे, जुन्या जर्मन पद्धतीचे: हृदय, घंटा, पान आणि ओकच्या झाडाचं फळ. आपण ज्याला बदाम म्हणतो ते मुळात हृदयच. तसंच हंगेरियन माणूस घंटेला भोपळा म्हणतो. चित्र परक्याचं असलं की जनता त्याला आपल्या परसातलं नाव देऊन टाकते. प्रत्येक रंगात सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, मग दोन सरदार, मग घोड्यावर बसलेला राजा आणि एक्का. अंक रोमन पद्धतीनं छापलेले. राणी नाहीच. दोन सरदारांना जर्मनमध्ये ‘ओबर’ आणि ‘उंटर’ म्हणतात, म्हणजे वरचा आणि खालचा.

चार एक्क्यांवर वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा असे चार ऋतू आहेत. आणि आठ सरदारांवर आठ नावं छापलेली आहेत. ही आठही नावं एकाच नाटकातली आहेत: फ्रीडरिश शिलरच्या ‘विल्हेल्म टेल’मधली.

नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. काळ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ मुलखावर ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याचा अंमल. त्यांचा सुभेदार गेसलर आल्टडॉर्फ गावात एका खांबावर आपली टोपी टांगतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिला मुजरा करावा असं फर्मान काढतो. टेल नावाचा शिकारी मुजरा न करता पुढे जातो. शिक्षा म्हणून त्याला स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर ठेवलेलं सफरचंद बाणानं उडवायला लावतात. तो ते उडवतो, पण दुसरा बाण कशासाठी जवळ ठेवला होता हे खरं सांगून बसतो आणि पकडला जातो. पुढे तो निसटतो आणि एका अरुंद घाटवाटेवर गेसलरला मारतो. दुसरीकडे रुटलीच्या कुरणावर तीन प्रांतांचे लोक रात्री जमून एकजुटीची शपथ घेतात आणि परक्यांचे किल्ले पाडतात.

टेल खरंच होऊन गेला का? बहुधा नाही. त्याची गोष्ट लिखित स्वरूपात पहिल्यांदा सापडते ती १४७०च्या दशकातल्या एका हस्तलिखितात, म्हणजे घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. मुलाच्या डोक्यावरच्या सफरचंदाची गोष्ट तर त्याच्याही पूर्वी, १२००च्या सुमाराला, सॅक्सो ग्रामॅटिकस या डेन्मार्कच्या इतिहासकारानं दुसऱ्याच तिरंदाजाच्या नावावर लिहून ठेवलेली आहे. १७६० साली ‘टेल ही मुळात डेन्मार्कची दंतकथा’ असं सांगणारी पुस्तिका निघाली, तेव्हा टेलच्या उरी प्रांतात ती जाहीरपणे जाळण्यात आली. शिलर स्वतः येना विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक होता, त्यामुळे जुन्या बखरींशी त्याचा चांगला परिचय होता. स्वित्झर्लंड मात्र त्यानं कधी पाहिलं नाही. विषय त्याला मिळाला तो मित्र गटेकडून. १७९७ च्या स्वित्झर्लंडच्या प्रवासात गटेच्या मनात टेलवर महाकाव्य लिहायचं होतं. ते राहिलं आणि शिलरनं नाटक लिहिलं. १७ मार्च १८०४ रोजी वायमारच्या रंगमंचावर त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी शिलर वारला.

आता पत्त्यांकडे. हा कॅट कुणी काढला, याबद्दल फार काळ एकच समज होता: तो व्हिएन्नात निघाला, पियाटनिक या प्रसिद्ध पत्तेवाल्यांच्या कारखान्यात. समज पक्का असण्याचं कारणही साधं. लोकांच्या हातात असलेल्या पत्त्यांवर बहुतेक वेळा त्यांचंच नाव असायचं. मग १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या एका खाजगी संग्रहात याच नमुन्याचा एक जुना कॅट मिळाला. त्याच्यावर कारागिराचं नाव होतं योझेफ श्नायडर आणि गाव होतं पेश्त. (बुडा आणि पेश्त ही शहरं १८७३ मध्ये एक झाली आणि बुडापेस्ट तयार झालं.) काळ १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धातला, बहुतेक ठिकाणी १८३७ हे साल दिलेलं दिसतं. फर्डिनांड पियाटनिकच्या हातात व्हिएन्नाचा कारखाना आला तो १८४०च्या दशकात. म्हणजे शे-सव्वाशे वर्षांची समजूत एका कॅटनं मोडली. इतिहास शिकवताना पुरावा म्हणजे काय, हे सांगायला मला हे उदाहरण ताम्रपटापेक्षा बरं वाटतं. जास्त छापणारा तोच मूळ निर्माता, हे गृहीतक इतकं स्वाभाविक आहे की ते गृहीतक आहे हेच लक्षात येत नाही.

पण पेश्तच्या कारागिरानं स्विस नाटक का घेतलं? हंगेरीला वीरपुरुषांची वाण नव्हती.

नेहमी दिलं जाणारं उत्तर असं: हंगेरीवर तेव्हा हाब्सबर्गांचं राज्य होतं, छापील मजकुरावर सरकारी तपासनीस नजर ठेवून असत. हंगेरियन बंडखोरांची चित्रं छापली असती तर ती बाजारात आलीच नसती, म्हणून दूरदेशीचे, पाचशे वर्षांपूर्वीचे वीर घेतले. ऐकायला हे पटतं. आपल्या वाचकांना इथं खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवेल. महाभारतातली गोष्ट म्हणून १९०७ साली रंगमंचावर आलेल्या त्या नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कळलं आणि १९१० मध्ये सरकारलाही कळलं. नाटकावर बंदी आली.

मला मात्र त्या उत्तरात एक अडचण दिसते. टेल ज्याच्याविरुद्ध उभा राहतो तो गेसलर कुणाचा नोकर? हाब्सबर्गांचाच! आडोसा म्हणून निवडलेली गोष्ट नेमकी त्याच घराण्याविरुद्धच्या उठावाची आहे. आणि टेलच्या नावाला साम्राज्यात सगळीकडे मोकळीक होती असंही नाही. रॉसिनीनं याच नाटकावरून केलेला ऑपेरा १८२९ मध्ये पॅरिसला गाजला. पण १८३६ मध्ये तो हाब्सबर्गांच्या ताब्यातल्या मिलानमध्ये आला तेव्हा टेलचा स्कॉटलंडचा वॉलेस करण्यात आला आणि जुलमी ऑस्ट्रियनांच्या जागी इंग्रज आले. त्याच सुमाराला त्याच साम्राज्यातल्या पेश्तमध्ये टेल आणि गेसलर स्वतःच्या नावानिशी पत्त्यांवर छापले जात होते.

हे जमलं कसं? दोन गोष्टी दिसतात. एक, हंगेरीत हे नाटक अगदी अनोळखी नव्हतं. १८२७ मध्ये ट्रान्सिल्व्हानियातल्या कोलोझ्वार (आजचं क्लुज) इथं त्याचा प्रयोग झाला होता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रंगमंचावर टेल बोलतो, पत्त्यावर तो नुसता उभा असतो. रुटलीच्या शपथेतला एक शब्दही पत्त्यावर नाही. टांगलेली टोपी आणि तिच्यासाठीचं फर्मान कुठल्याच सरदाराच्या हातात दिलेलं नाही. कॅटमध्ये माणसं आहेत, पण त्यांचे संबंध नाहीत. ते ज्याला आधीच ठाऊक आहेत त्यालाच दिसतील. नाटक पाहिलेल्या माणसाला ओबर हातात आल्यावर गेसलरचा खून आठवेल, न पाहिलेल्याला फक्त फेटेवाला सरदार. तपासणाऱ्याच्या नजरेतून ही पानं सुटली असतील तर याच कारणानं, असा माझा अंदाज आहे.

आठ माणसं कोणती घेतली, ते पाहण्यासारखं आहे. आज छापल्या जाणाऱ्या कॅटमध्ये ओकफळाचा ओबर टेल आणि उंटर रुडॉल्फ हारास, हा गेसलरचा अश्वपाल. हृदयाचा ओबर खुद्द गेसलर आणि त्याच्या हाताखाली कुओनी नावाचा गरीब मेंढपाळ. पानाचा ओबर उलरिश रूडेन्झ आणि उंटर वाल्टर फ्युर्स्ट, टेलचा सासरा. घंटेचा ओबर स्ट्युसी आणि उंटर इटेल रेडिंग, ज्याच्या अध्यक्षतेखाली रुटलीची सभा होते.

म्हणजे टेल आणि गेसलर एकाच दर्जाचे. शिवाय जुलमी माणूस हृदयाच्या रंगात! रंगांच्या जोड्यांमागे काही संगती असेल म्हणून मी बराच वेळ शोधली, मला ती सापडली नाही. स्ट्युसी हा नाटकात अगदी किरकोळ माणूस आहे. घाटवाटेवर टेल बाण लावून बसलेला असताना हा शेतराखण्या येऊन त्याच्याशी गप्पा मारत बसतो. तो इथं टेलच्या बरोबरीला बसलाय. आणि शपथ घेणाऱ्या तीन प्रमुखांपैकी श्टाउफाखर आणि मेल्खटाल हे दोघे कॅटमध्ये नाहीतच. रूडेन्झची निवड मात्र त्या काळात बोलकी ठरली असावी. हा तरुण उमराव आधी परक्यांच्या बाजूनं असतो, मग आपल्या लोकांकडे येतो आणि नाटकाच्या अगदी शेवटी आपल्या सगळ्या वेठबिगार कुळांना मुक्त करतो. हंगेरीच्या प्रतिनिधीसभेत १८३०च्या दशकात याच प्रश्नावर भांडण चालू होतं. १५ मार्च १८४८ रोजी पेश्तमध्ये क्रांती झाली, तेव्हा लोकांच्या बारा मागण्यांतली पहिली मागणी छपाईचं स्वातंत्र्य आणि तपासणी बंद करण्याची होती. वेठबिगारीही त्याच वर्षी कायद्यानं गेली. क्रांती पुढच्या वर्षी चिरडली गेली, पण तो पुढचा भाग झाला.

कॅटमधून सगळ्यात जास्त गळल्या त्या बायका. नवऱ्याला प्रतिकाराला उभी करणारी गर्ट्रूड, रूडेन्झचं मन वळवणारी बेर्टा, टेलची बायको हेडविग. शिलरच्या नाटकात त्यांच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही. पण जर्मन पद्धतीच्या पत्त्यांत राणीचं पानच नव्हतं, म्हणून त्यांना जागा नाही. श्नायडरनं त्यांना मुद्दाम वगळलं असं नव्हे. हातात असलेल्या साच्यात जे बसलं ते घेतलं. पाठ्यपुस्तकांतूनही माणसं अशीच गळतात.

कारागिरीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही पानं दुतोंडी आहेत: मधली रेषा ओलांडली की तीच आकृती उलटी. गणिताच्या भाषेत पानाला १८० अंशांची भ्रमण-सममिती आहे, इंग्रजी एन, एस, झेड या अक्षरांना असते तशी. जुनी पानं एकतोंडी असायची. उलटा आलेला राजा हातात सुलटा करून लावला, की समोरच्याला कळायचं, याच्याकडे चित्राचं पान आहे! दुतोंडी पानानं ही गळती बंद केली. पण त्यातून नवी अडचण आली. जुन्या जर्मन पत्त्यांत ओबरचं चिन्ह वर आणि उंटरचं खाली असे, तोच दोघांतला फरक. दोन्ही टोकं ‘वर’ झाल्यावर खाली कुठं? म्हणून ओबरचं चिन्ह कोपऱ्यात राहिलं आणि उंटरचं मधल्या रेषेजवळ गेलं. मुलांना कोरं कार्ड देऊन हे कोडं आधी घालावं आणि मग उत्तर दाखवावं.

आता या कॅटवर खेळतात काय? विसाव्या शतकात हंगेरीत घरोघर खेळला गेलेला खेळ म्हणजे ‘उल्टी’. (मराठीतल्या उलटीशी त्याचा संबंध नाही, शेवटचा या अर्थाच्या शब्दावरून ते नाव आलंय.) तीन भिडू, प्रत्येकी दहा पानं आणि वर दोन. आपल्या पाच-तीन-दोनमध्ये आपण बावन्नातून छोटी पानं काढून दोन सत्त्यांसह तीस ठेवतो आणि तीन भिडूंना दहा-दहा वाटतो. तिथं बत्तीस मुळातच आहेत, म्हणून दोन उरतात. ती दोन पानं ज्याला मिळतात, तो नको असलेली दोन परत खाली ठेवतो आणि बोली लावतो. नेहमीच्या डावात पानांची चढण अशी: एक्का, दश्शी, राजा, मग ओबर. म्हणजे टेल चौथा! त्याच्या डोक्यावर ऋतू, एक अंक आणि घोडेस्वार राजा. ज्या माणसानं टोपीला मुजरा केला नाही, त्याला खेळात प्रत्येक हाताला राजापुढे मान तुकवावी लागते. आणि खेळातला सगळ्यात मानाचा पराक्रम टेलच्या वाट्याला नाहीच. तो आहे हुकमाच्या सत्तीकडे. शेवटचा हात हुकमातल्या सगळ्यात छोट्या पानानं जिंकून दाखवायचा, तीच ‘उल्टी’. शिलरला ही गंमत आवडली असती की नाही कोण जाणे.

खेळाच्या नियमांना नाटकाची गरज नाही, हे इथं स्पष्ट दिसतं. म्हणूनच बहुधा हा कॅट टिकला. राजवटी आल्या, गेल्या, सीमा सरकल्या. १९४१ मध्ये हिटलरच्या सरकारनं ज्याला आधी डोक्यावर घेतलं होतं त्या ‘विल्हेल्म टेल’ नाटकावर जर्मनीत बंदी घातली. पत्ते मात्र पिसले जात राहिले. स्वित्झर्लंडमध्ये हा कॅट कुणी खेळत नाही, तिथं त्यांचे स्वतःचे पत्ते आहेत.

उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. १६४४ मध्ये फ्रान्सच्या बालराजाला, चौदाव्या लुईला, शिकवण्यासाठी पत्त्यांचे चार संच तयार करण्यात आले: फ्रान्सचे राजे, नामवंत राण्या, भूगोल आणि पुराणकथा. मजकूर ज्यानं रचला तो देमारे द सां-सोर्लें स्वतः नाटककार होता, चित्रं स्तेफानो देल्ला बेल्लाची. पानापानावर माहिती लिहिलेली. आज हे संच संग्रहालयांत आहेत, लोकांच्या हातात नाहीत. पान वाचायला थांबावं लागलं तर डाव मोडतो. यातून वाट काढली ती १८६१ मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावी निघालेल्या ‘ऑथर्स’ या खेळानं. एका लेखकाची पुस्तकं वेगवेगळ्या पानांवर, ती एकमेकांकडे नावानं मागून संच पुरा करायचा. पुस्तकाचं नाव घेतल्याशिवाय पान मिळत नाही, त्यामुळे माहिती हेच खेळायचं साधन होतं.

त्या बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी वर्गात एक नियम करून पाहिला: पान टाकताना पात्राचं नाव घ्यायचं, विसरलं तर तो हात समोरच्याचा. दोन दिवसांत सगळ्यांना सगळी नावं पाठ झाली. नाटक अर्थातच कुणी वाचलेलं नव्हतं. मग एके दिवशी पाच-तीन-दोनच्या डावात एका मुलीचा भुजंगनाथ शारदेनं मारला. हात गेला म्हणून ती फार चिडली नाही, पण बाईंकडे येऊन म्हणाली, “बाई, गुलाम राणीला मारूच शकत नाही. मग नाटकात शारदा त्याला एवढी घाबरते कशाला?” बाईंनी कपाटाची किल्ली काढली आणि तिला ‘शारदा’ची प्रत दिली.